पुढचे शॉकअप

बाबांची 2003 ची मारुती 800. गेले दोन महिने बडोद्यात दांडिया बाजारातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर पुढून 'ठक' व्हायचं आणि आई मागच्या सीटवरून ‘हळू रे’ म्हणायची. आज रविवार, म्हणून एकदाचं गॅरेज गाठलं.

काकांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर वजन टाकून सोडलं. चांगला शॉकअप (धक्के शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) असेल तर गाडी एकदा वर येऊन गप्प बसते. आमची तीनदा डोलली. डावा तेलाने माखलेला, उजवा बरा दिसत होता. म्हटलं, एकच बदला ना. काका वर न बघता म्हणाले, “बन्ने साथेज बदलाय.” म्हणजे दोन्ही एकत्रच बदलायचे. बरं.

काढताना ब्रेकची नळी ताणली जाऊ नये म्हणून हब (चाक बसतं तो भाग) तारेने बांधून ठेवला. पुढचं बघताना मात्र मी दोन पावलं मागे सरकलो: दोन्ही बाजूंनी क्लॅम्प लावून, आळीपाळीने थोडंथोडं पिळत शॉकअपभोवतीची स्प्रिंग दाबायची. ती ढिली झाल्याची खात्री होईपर्यंत वरच्या नटला हात नाही. घाई केली तर स्प्रिंग तोंडावर उडते.

जुन्याचा दांडा मी तळहाताने दाबला, तो आत गेला तो तिथेच बसला. नव्या गॅसवाल्याचा आपणहून वर आला. आतलं स्टॉपर रबर तर बोटात पिठासारखं कुस्करलं.

चाकांची अलाइनमेंट उरकून येताना मुद्दाम सूरसागर तळ्यावरून आलो. ठक नाही.

आई तरीही म्हणाली, “हळू रे.”