न्यूट्रोफिल आहेत, पण काळे ठिपके नाहीत

त्या दिवशी टेबलावर झेब्राफिश या छोट्या माशाची ३ दिवसांची पिल्लं होती. आई-बाप दोघांतही सी-मिब जनुकाची एकेक प्रत बिघडलेली. पिल्लं २८.५ अंशांवर वाढवलेली, आणि २४ तासांच्या सुमारास पाण्यात ०.००३ टक्के पीटीयू, म्हणजे काळं रंगद्रव्य बनू न देणारं रसायन, घातलेलं. कातडीचं ते रंगद्रव्य तयार झालं, तर सुदान ब्लॅक या काळ्या रंगाचे ठिपके मोजताच येत नाहीत.

सुदान ब्लॅक न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींच्या कणिकांमधल्या मेदाला धरतो. पिल्लं फिक्स करायला, म्हणजे पेशी आहेत तशा टिकवायला, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये २ तास ठेवायची, पीबीएस या क्षारांच्या द्रावणाने धुवायची, मग रंगात २० मिनिटं. रंग गाळूनच घ्यावा. नाहीतर त्याचे बारीक खडे कातडीवर बसतात आणि थेट पेशींसारखे दिसतात. त्यानंतर ७० टक्के इथेनॉलने पुन्हा पुन्हा धुणं. इथे घाई नको. अंड्यातला बलक मेदाने भरलेला असतो, तो रंग सावकाश सोडतो, आणि तोवर त्याच्यावरच्या पेशी दिसतच नाहीत.

धुऊन झाल्यावर साधारण एक चतुर्थांश पिल्लांच्या शेपटीत जवळपास ठिपकेच नव्हते. फिक्स करण्यापूर्वी मात्र सगळी सारखीच होती, हृदय चालू, रक्त वाहतं.

न्यूट्रोफिल बनलेच नाहीत, असा निष्कर्ष इथे चटकन निघतो. पण हा रंग फक्त भरलेल्या कणिका दाखवतो. कणिका नसलेली पेशी त्याच्यापुरती अदृश्यच. म्हणून याच वाणाची दुहेरी खुणेची जिवंत पिल्लं पाहिली. कोरोनिन-१ए जनुकाच्या चमकत्या खुणेमुळे सगळ्या पांढऱ्या पेशी हिरव्या दिसतात, एमपेग-१ च्या खुणेमुळे मॅक्रोफेज या भक्षक पेशी लालही. नुसत्या हिरव्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, शेपटीच्या रक्तनिर्मितीच्या भागात फिरत होत्या! डीआयसी या प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र न्यूट्रोफिलच्या कणिकांची ती ओळखीची चमचम काही पिल्लांत दिसेना.

म्हणजे पेशींचा वंश ठरलेला होता, परिपक्वता अडली होती. मायलॉइड (न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज यांचा वंश) की तांबडी पेशी, हे पीयू-१ आणि गाटा-१ या जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांच्या ओढाताणीत ठरतं. न्यूट्रोफिल की मॅक्रोफेज, यात आयआरएफ-८ या तशाच प्रथिनाचा मोठा हात. सी-मिब, सी/ईबीपी-१ च्या जोडीने, त्यानंतर कामाला लागतो: कणिकांमधल्या प्रथिनांची जनुकं चालू करायला. लायसोझाइम या जंतुनाशक प्रथिनाचं जनुक त्यांतलंच.

जनुकतपासणी मोजणीनंतरच, क्रमांक झाकून. शेपटीचा तुकडा ५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ९५ अंशांवर २० मिनिटं, मग त्याचा जोर उतरवायला एक दशांश आकारमानाचं ट्रिस, आणि पीसीआर, म्हणजे हव्या त्या डीएनए तुकड्याच्या प्रती काढणं. ठिपके नसलेल्या पिल्लांत दोन्ही प्रती सदोष निघाल्या.