तिसऱ्या पानावरची सही: बडोद्याहून स्कूबा आणि ज्वालामुखी

इंडोनेशियाच्या प्रवासासाठी व्हिसा, विमान, राहण्याची सोय, ज्वालामुखीचं बुकिंग, सगळं घरबसल्या झालं. अडलं ते स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर सिलिंडर लावून पाण्याखाली जायच्या, मेडिकल फॉर्मच्या तिसऱ्या पानावर, आणि ते आठवलं की अजून डोकं तापतं. ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, बीपीची गोळी चालू आहे आणि आता काही महिने निवांत फिरायचा बेत आहे, त्यांचं इथेच अडणार. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फॉर्म समजून घ्या. कोर्स करायचा असो किंवा नुसतं एकदा उतरून बघायचं असो, बहुतेक ठिकाणी हाच तीन पानी फॉर्म हातात पडतो. २०२० मध्ये तो सुधारला गेला. पहिल्या पानावर दहा प्रश्न आहेत. सगळ्यांना ‘नाही’ असेल तर खाली सही केली की काम झालं. तिसऱ्या, पाचव्या किंवा दहाव्या प्रश्नाला ‘हो’ आलं, तर थेट डॉक्टरची सही लागते. तिसरा प्रश्न दम टिकण्याचा: १४ मिनिटांत १.६ किलोमीटर चालणं किंवा न थांबता २०० मीटर पोहणं जड जातं का. पाचवा ऑपरेशनचा, मुख्यतः गेल्या १२ महिन्यांतल्या. दहावा डॉक्टरने लिहून दिलेल्या चालू औषधांचा. गर्भनिरोधक गोळ्या आणि मलेरियाची बहुतेक औषधं यातून वगळली आहेत, बीपीची गोळी वगळलेली नाही. उरलेल्या प्रश्नांना ‘हो’ असेल तर दुसऱ्या पानावर पोटप्रश्न असतात, आणि तिथेही ‘हो’ आलं तरच डॉक्टर लागतो. वय ४५ च्या वर आहे एवढ्यावरून लागत नाही. त्याच्या जोडीला धूम्रपान, वाढलेलं कोलेस्टेरॉल, बीपी किंवा जवळच्या नात्यात पन्नाशीच्या आत हृदयविकार असेल तर लागतो.

तिसरं पान डॉक्टरचं. त्यावर चौकोन दोनच. हौशी डायव्हिंगच्या आड येईल असं काही आढळलं नाही, हा एक. आढळलं, हा दुसरा. एका चौकोनात खूण, खाली सही, तारीख, नाव, पदवी, पत्ता. एवढंच काम.

आता हे एवढंसं काम बडोद्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात कसं होतं ते सांगतो. हेल्थ चेकअपच्या काउंटरवर फॉर्म दिला. पलीकडच्या मुलीने तो उलटून पाहिला, हॉस्पिटलचा लोगो कुठे दिसेना, म्हणाली, ‘आ अमारो फॉर्म नथी.’ बिल उघडायचं तर कॉम्प्युटरमध्ये पॅकेज निवडावं लागतं. पॅकेजं होती एक्झिक्युटिव्ह, सिनिअर सिटिझन आणि प्री-एम्प्लॉयमेंट. स्कूबा नावाचं अर्थातच नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून प्री-एम्प्लॉयमेंट लागलं. त्यात रंग ओळखण्याची चाचणी आहे, पोटाची सोनोग्राफी आहे, कान मात्र नाहीत. डायव्हिंगमध्ये सगळ्यात जास्त छळणारा अवयव कान, आणि तोच वगळलेला.

रिपोर्ट नॉर्मल आले. फिजिशियननी मान डोलावली, पण पान तीन समोर सरकवल्यावर पेन खाली ठेवलं. बाहेरच्या फॉर्मवर सही नको, मेडिको-लीगल होतं, म्हणजे कायद्याचं लफडं, हवं तर आमच्या लेटरहेडवर ‘फिट’ लिहून देतो. हे लेटरहेड कुचकामी. डाइव्ह सेंटरला त्याच पानावर, त्याच चौकोनात खूण हवी असते. ‘परदेश प्रवासास योग्य’ असं सर्टिफिकेट दाखवलंत तर तिथली माणसं हसून परत देतात. मग हृदयवाल्यांकडे. त्यांनी टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) करून घेतली, ‘हृदयाच्या दृष्टीने हरकत नाही’ असं लिहिलं आणि छातीवाल्यांकडे धाडलं. त्यांनी फुंकायला लावलं, ‘फुप्फुसांच्या दृष्टीने हरकत नाही’ लिहिलं आणि कान-नाक-घशाकडे धाडलं. कॅरमच्या सोंगटीसारखा माणूस या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आणि चौकोन आपला कोराच. प्रत्येक ठिकाणी वेगळी केस फी. फॉलोअप सात दिवसांत आलात तर फुकट, पण पुढच्या डॉक्टरची वेळच त्यानंतरची मिळते, म्हणजे परत फी. शेवटी फाइल वर गेली, तिथे ‘लीगलचं मत घ्यावं लागेल’ असं ऐकवण्यात आलं, आणि ते मत काही आलं नाही.

डॉक्टरांचीही बाजू आहे. पाण्याखालच्या शरीरशास्त्राशी त्यांचा रोजचा संबंध नाही, आणि ज्याची माहिती नाही त्यावर सही करू नये हे योग्यच. माझी तक्रार एवढीच की हे पहिल्या काउंटरवर सांगता आलं असतं. ‘नाही’ म्हणायला कुणी तयार नव्हतं आणि ‘हो’ म्हणायलाही.

हे काम होतं ते आपल्याला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या फॅमिली डॉक्टरकडे. माझं दांडिया बाजारात झालं. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. या फॉर्मसोबत डॉक्टरांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका आहे. अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळते. कोणत्या आजारात काय तपासावं आणि कशाला साफ मनाई करावी हे तिच्यात अवयवागणिक दिलं आहे. आपल्याला लागू असलेली पानंच छापून घ्या, त्यावर पिवळी खूण करा. सोबत दोन आठवड्यांचं सकाळ-संध्याकाळचं बीपी लिहिलेला कागद, ईसीजी, टीएमटी झाली असेल तर तो रिपोर्ट, आणि कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी. आणि ‘सर्टिफिकेट द्या’ हे शब्द तोंडातून काढू नका. सर्टिफिकेट म्हटलं की हात लेटरहेडकडे जातो. ‘हे पान वाचून एका चौकोनात खूण करायची आहे’ असं म्हणा. डॉक्टर वाचतात, दोन प्रश्न विचारतात आणि खूण करतात.

तरीही जमलं नाही तर दोन वाटा आहेत. मुंबईत पाण्याखाली उतरणाऱ्या डायव्हर लोकांची तपासणी करणारे, नौदलात काम केलेले डॉक्टर आहेत. किंवा बालीत डाइव्ह सेंटरना ठाऊक असलेले दवाखाने आहेत, ते तपासून तिथल्या तिथे निकाल देतात. दुसऱ्या वाटेत धोका हा की निकाल ‘नाही’ आला तर तुम्ही तिकीट काढून बालीत बसलेले असता.

तिसरी वाट सगळेच सुचवतात: ‘अरे, सगळ्याला नो टिक कर, कोण बघतंय!’ हे करू नका. पाण्यात शिरलं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावर ताण वाढतो. बीपी आटोक्यात नसेल तर अशा वेळी फुप्फुसात पाणी उतरू शकतं, आणि तेही अगदी उथळ पाण्यात. गोळी कोणती आहे यालाही महत्त्व आहे. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याचं हृदय गरज पडली तरी पुरेसं वेगाने धावत नाही. प्रवाहाविरुद्ध पोहायची वेळ आली तर तिथेच दम संपतो. शिवाय खोटा फॉर्म म्हणजे विमा गेला. डायव्हिंगच्या अपघातानंतर ज्यात ठेवून उपचार करतात त्या रीकॉम्प्रेशन चेंबरचं बिल काही दवाखान्याच्या केस फीएवढं नसतं.

विम्यावरून आठवलं. आपल्याकडच्या साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग आणि डोंगर दोन्ही बहुधा वगळलेले असतात. पॉलिसीत दोन आकडे शोधा: किती मीटर खोलपर्यंत आणि किती मीटर उंचीपर्यंत. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सची मर्यादा १८ मीटर, पुढच्या ॲडव्हान्स्डची ३०. उंचीसाठी लोंबोक बेटावरचा रिंजानी ज्वालामुखी ३,७२६ मीटर आहे, तेव्हा ३,००० वर थांबणारी पॉलिसी तिथे उपयोगाची नाही.

कानाच्या डॉक्टरकडे काय मागायचं तेही सांगतो. नुसतं ‘कान बघा’ म्हटलं तर मळ काढून पाठवतात. नाक दाबून हवा ढकलताना पडदा हलतो का ते बघायला सांगा, शंका असेल तर टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडद्याची यंत्राने तपासणी, करून घ्या. दहा मीटर खाली दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, पण कान पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच ओरडायला लागतात. म्हणून दुखायच्या आधीच, दर अर्ध्या-एक मीटरला हवा ढकलायची. दुखलं तर मीटरभर वर यायचं, जोर लावायचा नाही. सर्दीत नाक मोकळं करणारं औषध मारून उतरणं सगळ्यात वाईट. औषधाचा असर खालीच संपला तर वर येताना हवा अडकते, आणि वर तर यावंच लागतं.

पोहण्याची तयारी इथेच होते. कोर्समध्ये वेळेची अट न घालता २०० मीटर पोहायला लावतात आणि १० मिनिटं तरंगायला. बडोद्यातल्या लालबागच्या जलतरण तलावात हा सराव आरामात होतो. तिथे मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन नाकाने बाहेर फुंकायचीही सवय करा. पहिल्या दिवशी कोर्समध्ये घाबरतात ते याच कसरतीला.

आता क्रमाचा प्रश्न, कारण पाणी आणि डोंगर एकाच प्रवासात असले की गडबड होते. डाइव्हनंतर शरीरात नायट्रोजन विरघळलेला असतो. उंचीवर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठीचा नियम असा की एका डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि एकाहून जास्त डाइव्ह किंवा अनेक दिवसांचं डायव्हिंग असेल तर किमान १८ तास थांबायचं. विमानाच्या केबिनमधला दाब फार तर २,४०० मीटर उंचीइतका उतरतो. जावातल्या इजेन ज्वालामुखीचा काठ साधारण तेवढाच उंच आहे आणि रिंजानी त्याच्या कितीतरी वर. म्हणजे डोंगरालाही हाच नियम लावायचा, आणि रिंजानीला मी पूर्ण दिवसाहून कमी धरत नाही. लोक फसतात ते रस्त्यावर. बालीच्या किनाऱ्यावरच्या तुलांबेनला सकाळी दोन डाइव्ह करून दुपारी गाडीने डोंगरातल्या किंतामणीमार्गे निघालात की तासा-दोन तासांत १,५०० मीटरवर असता. ड्रायव्हरला आधीच सांगा, किनाऱ्याचा रस्ता धर.

तुलांबेनला मात्र जाच. १९४२ मध्ये जपानी टॉर्पेडोने जायबंदी झालेलं लिबर्टी हे जहाज तिथल्या किनाऱ्यावर ओढून ठेवलं होतं. १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते घसरून पाण्यात गेलं. आज ते साधारण ५ ते ३० मीटरवर पडलंय, होडी न घेता काठावरून चालत पाण्यात शिरता येतं. काठावर गोल, काळे, घसरडे दगड आहेत. पाठीवर सिलिंडर घेऊन त्यावर चालणं खुद्द डाइव्हपेक्षा अवघड, म्हणून जाड तळव्याचे बूट घ्या.

डाइव्ह आधी, मधे एक कोरडा दिवस, मग डोंगर, असा क्रम मला पटतो. उलट केलं तर ज्वालामुखीच्या धुळीने आणि गंधकाने नाक चोंदतं आणि मग कान साथ देत नाहीत. डोंगर शेवटी असला की परतीच्या विमानासाठी वेगळं थांबावंही लागत नाही.

इजेनला साधा कापडी मास्क किंवा एन-९५ चालत नाही. हे मास्क कण अडवतात, वायू नाही. गंधकाच्या धुरासाठी आम्लवायू अडवणारं काडतूस (फिल्टर) लावलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. भाड्याने मिळतो, पण काडतूस किती जुनं आहे ते विचारा. दमा असेल तर विवराच्या आत उतरूच नका. चढाई जिथून सुरू होते त्या पालटुडिंगहून काठापर्यंत सुमारे तीन किलोमीटर चढ आहे. पावागडच्या पायऱ्या पाठीवर वजन घेऊन चढणाऱ्याला तो जड जात नाही. पावागडही लाव्हाचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. रिंजानीचा शेवटचा टप्पा मात्र भुसभुशीत राखेचा आहे. तिथे काठ्या आणि बुटांवरून चढणारे गेटर्स नसतील तर बुटात खडी भरते. जानेवारी ते मार्च पावसामुळे तो मार्ग बंद असतो.

आणि गंमत बघा. इजेनसाठीही तब्येतीचा दाखला मागतात. तिथल्या छोट्या दवाखान्यात बीपी, नाडी बघतात, दोन प्रश्न विचारतात, शिक्का मारतात. चहा गार व्हायच्या आत कागद हातात.

राहिलंच: स्कूबाच्या फॉर्मची मुदत सही झाल्यापासून साधारण एक वर्ष धरतात. लांबच्या प्रवासाला निघताना सही अगदी शेवटच्या आठवड्यात घ्या, म्हणजे सगळे महिने पदरात पडतात. मूळ कागद जवळ, फोटो फोनमध्ये. वाटेत नवीन औषध सुरू झालं तर जुनी सही चालत नाही, पान तीन नव्याने भरून घ्यावं लागतं.