मिनेसोटाची तळी आणि मामाची बाटली

अमेरिकेतल्या मिनेसोटात राहतो म्हटलं की ठाण्यात पहिला प्रश्न थंडीचा येतो. सुट्टीच्या दिवशी मासे पकडतो म्हटलं की दुसरा, "मग खाता का?" दोन्हींची उत्तरं आधीच देऊन टाकतो. थंडी एवढी की जानेवारीत तळ्यावर माणसं गाड्या उभ्या करतात. आणि खातो, पण कधीकधी. बहुतेक मासे सोडून देतो. या शेवटच्या वाक्यावर कोपरीतल्या माझ्या मामाचा आजही विश्वास नाही. "सोडायचाच होता तर गेलास कशाला?" हा त्याचा प्रश्न, आणि यंदा मे-जूनमध्ये घरी आलो होतो तेव्हा आमच्या निम्म्या गप्पा याच प्रश्नाभोवती फिरत राहिल्या.

ठाणं तलावांचं शहर. मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी ही नावं आपल्याला पाठ असतात. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी तळी ११,८४२ आहेत. राज्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं, म्हणजे ती माणसं विनयाने कमीच सांगतात. मिनियापोलिस शहराच्या आतच हॅरिएट, नोकोमिस, ब्डे माका स्का अशी तळी आहेत आणि पाण्यात थोडं आत जाणारे लाकडी धक्के खास गळ टाकणाऱ्यांसाठी बांधलेले आहेत. ऑफिस सुटल्यावर तासभर तिथे उभं राहता येतं. शेजारी कोण असेल सांगता येत नाही. बादली उलटी करून बसलेले, लाओसकडून आलेल्या हमाँग समाजातले आजोबा, नातवाला गांडूळ लावायला शिकवणारी आजी, कानात इअरफोन घातलेला कॉलेजचा पोरगा. परक्या देशात ओळखी कुठे होतात असं विचारणाऱ्यांना मी हा धक्का सांगतो. "काही लागलं का?" एवढ्या एका वाक्यावर तिथे अर्धा तास बोलता येतं.

पण नुसतं उठून गळ टाकता येत नाही. सोळा वर्षं पूर्ण झाली की परवाना लागतो. तो फोनवर मिळतो, मात्र त्याबरोबर येणारं नियमांचं पुस्तक वाचावंच लागतं. कुठल्या तळ्यात कुठला मासा किती ठेवायचा, किती इंचांचा सोडायचा, सगळं त्यात असतं. उन्हाळ्यात माणशी एकच दोरी, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून बसलात तर दोन. वॉलआय हा तिथला मानाचा मासा, १९६५ पासून राज्याचा अधिकृत मासा. बर्फ वितळला की तो अंडी घालतो, म्हणून तेव्हा त्याला धरायला बंदी आणि मेच्या मध्याला हंगाम उघडतो. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारपासून उत्तरेकडचे रस्ते बोटी ओढणाऱ्या गाड्यांनी असे तुंबतात की गणपतीच्या आदल्या दिवशीचा मुंबई-गोवा रस्ता आठवावा. यंदा मी तो मुहूर्त सोडून ठाण्याच्या उकाड्यात आलो होतो, हे तिथल्या मित्रांना अजून पटलेलं नाही.

एक गोष्ट मला या सगळ्यात फार आवडते. अमेरिकेत १९५० साली एक कायदा झाला. त्यानुसार रॉड, रीळ, गळ अशा सामानावर बनवणाऱ्याकडूनच १० टक्के कर घेतला जातो आणि तो पैसा राज्यांकडे परत जातो, मासे वाढवायला, तळी सांभाळायला, बोट उतरवायचे उतार बांधायला. परवान्याचे पैसेही त्याच कामाला. म्हणजे मासे धरणाराच माशांच्या पाळणाघराचा खर्च उचलतो. मामा हे ऐकून म्हणाला, "आपल्याकडे पण कर घेतात रे, तो कुठे जातो तेवढं विचारू नकोस."

आता सामान. दुकानात पाऊल टाकलं की डोकं फिरतं. एका भिंतीवर रॉड, दुसरीवर ल्युअर म्हणजे खोटी आमिषं, मधे चाळीस प्रकारचे गळ. माझं मत सरळ आहे: सुरुवात करणाऱ्याने साडेसहा फुटी, मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड घ्यावा आणि बाकीच्या भिंतीकडे पाठ करावी. मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात, दोरी किती पौंडाची आणि ल्युअर किती वजनाचं. तिथे कुणी बघत नाही आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. तीन ग्रॅमचं आमिष जाड रॉडला बांधलं की रॉड वाकतच नाही, आणि न वाकणारा रॉड फेकत नाही. दोरी सहा किंवा आठ पौंडाची, एकाच नायलॉन धाग्याची साधी मोनो पुरते, म्हणजे आपली तंगूसच. वेणीची ब्रेड दोरी बारीक आणि चिवट असते, लांब जाते, पण स्वच्छ पाण्यात माशाला दिसते. म्हणून तिच्या टोकाला हातभर फ्लुरोकार्बन बांधतात, जी पाण्यात कमी दिसते. पाइक हा दातेरी शिकारी मासा असेल त्या तळ्यात मात्र पोलादी तारेचा लीडर हवाच. त्याचे दात दोरी अशी कापतात की तुम्हाला झटका बसल्याचंही कळत नाही, नुसती ढिली दोरी हातात येते.

गाठीबद्दल एकच सांगतो. पालोमार गाठ शिका, दोन मिनिटांत येते. आणि आवळण्याआधी तिला थुंकी लावा. कोरडी नायलॉन गाठ आवळताना घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. मामा हे करतोच, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आमिषांत तिथे जळवांना मान आहे. हो, जळवाच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वॉलआयला जळू फार आवडते. दुकानात त्या पाण्याच्या डब्यात मिळतात आणि फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. आमच्या फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीशेजारी तो डबा असतो, त्यावर बायकोने लाल मार्करने कवटी काढून ठेवली आहे. मासे पकडून झाले की उरलेलं आमिष तळ्यात टाकायला मनाई आहे, ते कचऱ्यात. बोटीच्या तळाचं बूच काढून पाणीही तिथेच सांडायचं, कारण झेब्रा शिंपल्यासारखे बाहेरचे जीव एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात याच पाण्यातून जातात.

खोट्या आमिषांची दुनिया वेगळीच. त्यातली रापालाची गोष्ट मी मुलांना सांगतो. फिनलंडमधल्या लाउरी रापाला नावाच्या कोळ्याने पाहिलं, की मोठा मासा थव्यातल्या लंगड्या चालीच्या माशावर आधी झडप घालतो. १९३६ साली त्याने बुचाचा मासा कोरला, वर चॉकलेटची चांदी चिकटवली, फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. ते बूच पाण्यात आजारी माशासारखं डुलत चालायला लागलं. आज त्या नावाची ल्युअर जगभर विकतात. अशा ल्युअरच्या तोंडाशी प्लॅस्टिकची जीभ असते. जीभ मोठी आणि पुढे आलेली असेल तर ओढताना ती खोल बुडते, छोटी असेल तर वरवर पोहते. दुकानदाराला काही विचारायची गरज नाही, जिभेकडे बघा.

आता फेक. यासाठी मी चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड चेक-इन बॅगेतून ठाण्याला आणला होता. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या बागेत, गळ काढून नुसतं दहा ग्रॅमचं शिसं बांधलं आणि पंधरा पावलांवर एक बादली ठेवली. मामा कोपरीहून आला तो आपली बाटली घेऊन. एक लिटरची पाण्याची बाटली, तिला गुंडाळलेली तंगूस, टोकाला शिसं, वर दोन गऱ्या. खाडीवर तो याच बाटलीने गरवतो. गऱ्या काढ म्हटलं तर थोडा हिरमुसला, पण काढल्या.

त्याची फेक मी लहानपणापासून बघतोय, पण नीट त्या दिवशी पाहिली. डाव्या हातात बाटली, तिचं तोंड समोर. उजव्या हाताने शिसं दोनदा गरगर फिरवून सोडून दिलं. तंगूस बाटलीच्या तोंडावरून वेटोळी सोडत सरसर निघून गेली. बाटली जागची हलली नाही. मी माझं स्पिनिंग रीळ त्याच्या हातात दिलं, तारेची कमान, जिला बेल म्हणतात, ती उघडली आणि दोरी ओढून दाखवली. त्याने एकदा बघितलं आणि म्हणाला, "ही तर बाटलीच आहे." खरंच तेच आहे. स्पिनिंग रिळाचा स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, फेकताना फिरत नाही, दोरी त्याच्या कडेवरून घरंगळते. म्हणूनच स्पूल काठापासून दोनतीन मिलिमीटर कमी इतका भरलेला हवा. कमी भरला की दोरी कडेला घासते आणि फेक आखूड पडते. जास्त भरला की वेटोळी एकदम सुटतात आणि गुंता होतो.

दुसरा प्रकार बेटकास्टर. त्यात स्पूल स्वतः फिरतो. ल्युअर हवेत मंदावलं आणि स्पूल त्याच वेगाने फिरत राहिला, की आत दोरीचं घरटं होतं. त्यावर अंगठ्याचा हलका ब्रेक लागतो, आणि तो अंगठा यायला महिने जातात. मोठ्या वजनांना आणि अचूक निशाण्याला ते रीळ छान, पण नवशिक्याला देऊ नये असं माझं ठाम मत आहे. तिथल्या मंडळींना ते हातात असल्याशिवाय आपण पक्के मच्छीमार वाटत नाही, तो भाग वेगळा.

मामाला रॉडची फेक जमायला थोडा वेळ लागला, आणि कारण मजेशीर होतं. त्याच्या अंगात जोर फार. बाटलीने फेकताना जोर खांद्याचा असतो. रॉडमध्ये खांदा कामाचा नाही. शिसं टोकापासून वीतभर लोंबतं ठेवायचं, दोरी तर्जनीवर अडकवायची, बेल उघडायची. रॉड मागे न्यायचा आणि घड्याळात एक वाजतो तिथे थांबवायचा. थांबवला की वजनाने टोक मागे वाकतं. मग मनगट आणि कोपर पुढे, आणि रॉड दहाच्या जागी येताना बोट सोडायचं. लवकर सोडलं की शिसं आभाळात, उशिरा सोडलं की पायाशी. त्याचं पहिलं शिसं आंब्यात गेलं, दुसरं बागेतल्या 'खेळण्यास सक्त मनाई' या पाटीवर टणकन आपटलं, आणि तो आवाज ऐकून सेक्रेटरीकाका खाली आले. त्यांना सगळं समजावून सांगितलं. पाच मिनिटांनी रॉड त्यांच्या हातात होता.

नंतर मुलं जमली. त्यांना आंब्याच्या खाली आलेल्या फांदीखालून आडवी फेक शिकवली. रॉड कमरेच्या उंचीवर आडवा, शिसं जमिनीला समांतर जातं. तळ्यावर धक्क्याखालच्या सावलीत किंवा झुकलेल्या झाडाखाली बास मासा बसलेला असतो, तिथे हीच फेक चालते. वारा समोरून असेल तेव्हाही. आणि शिसं बादलीच्या वर आलं की तर्जनी स्पूलच्या कडेला हलकेच टेकवायची. ते तिथेच उतरतं, आवाज कमी होतो, बास बिथरत नाही. बेल हाताने बंद करायची, हँडल फिरवून नाही, म्हणजे दोरीला पीळ बसत नाही. बादलीत पहिलं शिसं पडलं ते तिसरीतल्या एका मुलीचं, आणि सेक्रेटरीकाकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी चहावर मामाने पुन्हा तोच प्रश्न काढला. सोडतोस का? मी सांगितलं, छोटे ब्लूगिल दोन-चार ठेवतो, वॉलआय मापात असला तर ठेवतो, त्याला रवा लावून तव्यावर टाकतो, आणि सोबत सोलकढी असते, कोकमं इथूनच नेतो. पाइकचे दोन फाट्यांचे काटे काढायला वेगळी पद्धत लागते, तो मी सोडतोच. शिवाय पाऱ्याचा प्रश्न आहे. मोठ्या, म्हाताऱ्या शिकारी माशांत तो साठतो, म्हणून आरोग्य खातं कुठला मासा किती खावा याची यादी काढतं, गरोदर बायका आणि मुलांसाठी वेगळी. सोडायचा मासा सोडायचीही रीत आहे. हात आधी ओला करायचा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा नंतर रोगाने मरतो. गळाची उलटी टोच पक्कडने दाबून टाकली की गळ सहज निघतो. गिळलाच असेल तर ओढत बसू नये, दोरी कापावी.

मामाला हे पटलं की नाही कळलं नाही. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि त्याला मुरबाडकडच्या मित्राचा फोन आला, वलगण सुरू झाली. मासे ओढ्यांतून उलटे चढत शेतांत यायला लागले. हे चढणीचे मासे म्हणजे गाबोळीने, अंड्यांनी भरलेले. मी म्हटलं, मिनेसोटात नेमका याच वेळी हात लावू देत नाहीत. समुद्रातही आपण पावसाळ्यात बंदी पाळतो, मग ओढ्याला का नाही? मामा भडकला. "वर्षातून दोन दिवस आम्ही पिशवीभर मासे आणले म्हणून मासा संपला? आणि उल्हासात बारा महिने काय सोडतात ते? वालधुनीचा रंग बघितलास कधी?" उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या पाण्याबद्दल त्याच्याशी वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पण पिशवीतली गाबोळी बघून माझा मुद्दाही मी सोडला नाही. मामी म्हणाली, दोघंही खाऊन घ्या, मग भांडा.

ज्यांना ठाण्याजवळ रॉडने प्रयत्न करायचाय त्यांच्यासाठी शेवटचं. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेला असतो. आधी त्यांच्या माणसाला भेटा, विचारा, पैसे सांगतील ते द्या. रोहू-मृगळासाठी कणकेची गोळी आणि छोटा गळ, मरळीसाठी बेडकासारखं तरंगतं रबरी ल्युअर, शेवाळात न अडकणारं. मरळ पिलांच्या थव्याखाली राखण करत असेल, पाण्यावर लालसर पिलं एकत्र तरंगताना दिसत असतील, तर तिथे टाकू नका. हे मात्र मामाही पाळतो.