तुम्ही विचारलंत म्हणून : बंदुकीची भीती हा आजार आहे का?

अमेरिकेतल्या बंदूक-कायद्यांवर मी काही बोललो की एक प्रश्न हमखास येतो : "तुम्हाला होप्लोफोबिया तर नाही ना?" होप्लोफोबिया म्हणजे शस्त्रांची अवाजवी भीती. काही जण खरंच कुतूहलाने विचारतात, बरेच जण माझं म्हणणं तिथेच थांबवायला.

हे नाव कुणा मानसोपचारतज्ज्ञाने दिलेलं नाही. जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्याने, नेमबाजीच्या नामवंत प्रशिक्षकाने, ते १९६२ मध्ये काढलं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत या नावाचा आजार नाही. बंदूक नुसती दिसली तरी एखाद्याला घाम फुटत असेल, त्यापायी रोजचे व्यवहार अडत असतील, तर त्याला भयगंड असू शकतो आणि त्यावर उपचारही व्हायला हवेत. पण त्या निदानालाही एक अट आहे : भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार जास्त असली पाहिजे. म्हणजे आधी धोका किती, ते तपासणं आलं. राजकीय वादात नेमकं तेच टाळलं जातं.

मला यात कूपरचंच उदाहरण बोलकं वाटतं. शस्त्र हाताळण्याचे जे चार नियम आज तिकडच्या रेंजवर शिकवतात, ते त्यानेच रुजवले. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. जे उद्ध्वस्त करायची तयारी नाही, त्याच्या दिशेने नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. लक्ष्य काय आणि त्याच्या मागे काय, याची खात्री करा. मुरलेला नेमबाज पिस्तूल दुसऱ्याला देतो तेव्हा बघावं : मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढतो, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढतो, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागेत) डोकावतो, मग देतो. घेणारा हे सगळं डोळ्यांसमोर झालेलं असूनही स्वतः पुन्हा चेंबर तपासतो. ही शिस्त भीतीतूनच आली आहे. नेमबाजाकडे असली की ती जबाबदारी, आणि कायदा मागणाऱ्याकडे असली की विकार, हे मला मान्य नाही.

२०२१ मध्ये अमेरिकेत ४८,८३० माणसं बंदुकीच्या गोळीने मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांपैकी दहात जवळपास नऊ जीव घेतात. दुसरी संधी क्वचितच मिळते. घरात निराशेने खचलेला मुलगा आणि उशाशी भरलेलं पिस्तूल असताना ज्या आईची झोप उडते, तिला आजारी कसं म्हणायचं?

आता दुसरी बाजू, कारण कायदा मागणारे माझ्या बाजूचे लोकही समोरच्याच्या भीतीला असंच हिणवतात. प्यू रिसर्च सेंटर या जनमत-पाहण्या करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के बंदूकमालकांनी बंदूक बाळगण्याचं मोठं कारण म्हणून संरक्षण सांगितलं. त्यांना भेकड म्हणणं, त्यांच्या पुरुषत्वावर घसरणं हा तसाच अन्याय आहे. पोलिस पोहोचायला वेळ लागतो अशा ठिकाणी एकटी राहणारी बाई रात्री दाराकडे कान लावून असते, तेव्हा तिचीही भीती ऐकून घ्यायची असते. तिचा उपाय मला पटत नसला तरी.

म्हणून हा विषय निघाला की मी २००८ चा हेलर खटला वाचायला सांगतो. वॉशिंग्टन डी.सी.च्या कायद्याने पिस्तुलांवर जवळपास बंदी होती. घरातल्या इतर बंदुकाही रिकाम्या, आणि सुट्या करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवाव्या लागत. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. घरात घुसणाऱ्याला अडवण्याचा हक्क बहुमताने महत्त्वाचा मानला. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी विरोधी मतात अपघात, आत्महत्या आणि गुन्ह्यांचे आकडे एकेक करून तपासले. मी ब्रेयर यांच्या बाजूचा. पण बहुमताचा निकाल खोडायचा तर मला त्या घरात शिरणाऱ्या चोराबद्दलही बोलावं लागेल, आणि तसंच समोरच्याने त्या आकड्यांबद्दल बोलावं, एवढंच मी मागतो.