जुने पंखे उतरवायला गेलो तेव्हा

काम साधंच होतं: वाचनालयातले जुने पंखे उतरवायचे, नवे लावायचे. ग्रंथपाल बाईंची तक्रार दुहेरी होती. कार्यालयातला पंखा सारखा गुणगुणतो आणि पुस्तकांच्या खोलीतला फुल्लवर ठेवला तरी रेंगाळतो. "अहो, मोटारीच गेल्यात त्यांच्या," असं निदानही त्यांनी करून ठेवलं होतं.

गुणगुणणारा आधी पाहिला. रेग्युलेटर फुल्ल केला, आवाज गायब. दोनवर आणला की पुन्हा घूंऽऽ. बेअरिंग वाजत असतं तर ते फुल्लवर गप्प बसलं नसतं. भिंतीवर गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर होता. तो विजेची लाट कापून वेग कमी करतो आणि त्या तुटक लाटेनं मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, न् पत्र्यांचा गाभा थरथरतो. त्याजागी कंडेन्सरवाला (कंडेन्सर म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग), पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवला. त्यात लाट कापली जात नाही, व्होल्टेज तेवढं उतरतं. पंखा दोनवरही गप्प झाला.

रेंगाळणाऱ्याची वाटी खाली सरकवून त्याचा स्वतःचा कंडेन्सर काढला; मोटारीला फिरायचा जोर मिळतो तो याच्यामुळे. छापील आकडा 2.5 मायक्रोफॅरड, मीटरवर 1.4. कंडेन्सरमध्ये प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. कुठे ठिणगी पडली तर तेवढ्याच ठिपक्यापुरता थर जळून जातो आणि कंडेन्सर शॉर्ट न होता चालत राहतो. पण असे ठिपके साचत गेले की क्षमता उतरते. पंखा बंद पडत नाही, मंदावतो, आणि आळ येतो बिचाऱ्या मोटारीवर.

नवा कंडेन्सर टाकला तरी बाईंचं समाधान होईना. "एवढी वर्षं फिरतोय, आतून झिजला नसेल?" मग पंखा खाली घेऊन उघडूनच दाखवला. ही मोटार उघडायला मला नेहमीच आवडतं, कारण आत सगळा उलटा कारभार. वाइंडिंग मधोमध, दांड्याला घट्ट बसलेलं, जागचं न हलणारं. त्याच्याभोवती बाहेरचं कवच पात्यांसकट फिरतं. वाइंडिंग स्थिर, म्हणून तारा सरळ दांड्यातून येऊन जोडता येतात, कार्बन ब्रश लागतच नाही. कवचाच्या आतल्या कड्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. त्यांत वीज निर्माण होते ती फिरत्या चुंबकक्षेत्रामुळे, स्पर्शाविना. गिअर नाही, पट्टा नाही. घासायला उरतात फक्त दोन बेअरिंगं.

आणि त्यांनाही काम ते किती! मिक्सरची मोटार मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे मारते, हा साडेतीनशेच्या आसपास. शेकडो किलो पेलू शकणाऱ्या बेअरिंगवर भार जेमतेम काही किलोंचा. पोलाद थकतच नाही, आधी सुकतं ते ग्रीस. या पंख्यातही वरच्या बेअरिंगमधलं ग्रीस काळपट, घट्ट झालं होतं. बोटांनी फिरवल्यावर किंचित खरखर लागत होती. दोन्ही बेअरिंगं बदलली. वाइंडिंगचं वॉर्निश मात्र अजून चकाकत होतं. सुस्थितीतल्या पंख्याचा उरतो तो वाऱ्याचा आवाज. पात्यांचा वेग निम्मा केला तर तोही पंधरा-एक डेसिबलनं उतरतो.

बाईंना म्हटलं, बदलायचेच तर विजेसाठी बदला. जुना 75 वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटारीचा नवा पंखा, 30 च्या आसपास. शेवटी दिवसभर चालणारे वाचनकक्षातले तेवढे बदलले. बीएलडीसीचा वेग रिमोटवर, म्हणून तिथले रेग्युलेटर काढून थेट जोडणी दिली.