इनारीच्या तळ्यावर, उणे २७ मध्ये

सकाळी दार उघडलं तेव्हा तापमान उणे २७ अंश सेल्सियस होतं. श्वास आत घेतला की नाकातले केस ताठ होत होते. समोर फिनलंडच्या उत्तरेतलं इनारीचं तळं: हजार चौरस किलोमीटरहून मोठं, तीन हजारांवर बेटं, आणि सगळं गोठून एकसारखं पांढरं. हे वरून टिपायला मी पुण्याहून २४९ ग्रॅमचा ड्रोन आणला होता. फिनलंडमध्ये कॅमेरा असेल तर एवढ्याशा ड्रोनसाठीही नोंदणी लागते, ती आधीच केली होती.

"ताई, एवढ्या लांब आलीस, एकदा उडवून बघ ना," मावसभाऊ म्हणाला. मी पेटी उघडलीच नाही. माझ्या ड्रोनची मर्यादा उणे १० आहे, आणि खाली किलोमीटरभर कुणी नसलं तरी ती मोडणं मला पटत नाही.

दोन दिवस सीडा संग्रहालय आणि जंगलातल्या पायवाटा. तिसऱ्या दिवशी ढग दाटले आणि पारा उणे ९ वर आला.

बॅटऱ्या रात्रभर खोलीत होत्या, सकाळपासून जॅकेटच्या आत, अगदी अंगाशी. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आतला रोध वाढतो आणि मोटरींनी जोर मागितला की व्होल्टेज झपकन खाली येतं. म्हणून उडवायच्या क्षणीच बॅटरी बसवली. खाली पिवळी ताडपत्री अंथरली होती, नाहीतर पाती भुसभुशीत बर्फ उडवतात आणि तो मोटरीत जातो. कोऱ्या पांढऱ्या बर्फावर ड्रोनच्या पोटाखालच्या कॅमेऱ्यालाही जमीन नीट उमगत नाही.

डोक्याइतक्या उंचीवर मिनिटभर नुसता तरंगत ठेवला, बॅटरी स्वतःच्या कामानं गरम व्हावी म्हणून. मग वारा येत होता त्या दिशेला तोंड करून सावकाश पुढे नेला, म्हणजे परतताना वारा पाठीशी. पडद्यावर ७१ टक्के दिसत होते, पण माझी नजर सेलच्या, म्हणजे बॅटरीतल्या एकेका घटकाच्या, व्होल्टेजवर होती. तरंगताना ३.८, जरा वर चढवला तर ३.४. भाऊ म्हणाला, अजून खूप आहे की. मी तिथूनच मागे वळवला. भंडारदऱ्याला हीच बॅटरी २५ मिनिटं पुरते, इथे ११ मिनिटांत ड्रोन ताडपत्रीवर होता.

दुसऱ्या बॅटरीवर उडवला तेव्हा बेटांकडून धुकं सरकत आलं. लगेच उतरवला. पात्यांच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवलं तर खरखरीत, साखरेसारखा पातळ थर. आणखी पाच मिनिटं राहिला असता तर त्या थरानं पात्यांची उचल गेली असती. तिसरी बॅटरी खिशातच राहिली.

खोलीत शिरण्याआधी ड्रोन आणि बॅटऱ्या बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद केलं. चार्जरला तर हातही लावला नाही. गोठणबिंदूखालची बॅटरी चार्ज केली की आत लिथियमचा धातू साचतो आणि ती कायमची बिघडते.

दोन तासांनी पिशवी उघडली. प्लास्टिक बाहेरून ओलं झालं होतं, ड्रोन कोरडा होता.