तुम्ही विचारलंत म्हणून : ‘सवय तर नाही ना लागणार?’

चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल, ऑक्सिकोडोन किंवा मॉर्फिन लिहिलं की पेन खाली ठेवायच्या आत प्रश्न येतो, “डॉक्टर, याची सवय तर नाही ना लागणार?” मी भूलतज्ज्ञ; दुखण्यावर उपचार करणं हे रोजचं काम. कित्येक वर्षं मी “छे हो, काळजी करू नका” म्हणून पुढचा रुग्ण आत बोलवायचो.

घोळ ‘सवय’ या शब्दातच आहे. त्यात आपण तीन गोष्टी एकत्र कोंबतो. औषध अंगवळणी पडतं आणि तेवढ्याच गोळीने पूर्वीइतका आराम पडत नाही, ही एक. शरीर त्या औषधाला धरूनच आपला कारभार चालवू लागतं आणि ते अचानक बंद झालं की बंड करतं, ही दुसरी. तिसरं ते खरं व्यसन : नुकसान दिसत असतं, तरी थांबता येत नाही. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातली ही औषधं, काही आठवडे रोज घेतली तर पहिल्या दोन गोष्टी कुणालाही होऊ शकतात. तिसरी थोड्यांनाच होते, पण कुणाला, हे आधी छातीठोकपणे सांगता येत नाही.

दुसरीचा अनुभव मी स्वतः घेतला. पायाचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पाच-सहा आठवडे गोळ्या चालू होत्या. दुखणं ओसरल्यावर एका सकाळी फुशारकीने पाकीट बाजूला ठेवलं. दुसऱ्या रात्री नाक-डोळे वाहायला लागले, अंगावर काटा, पोटात मुरडा, पाय एका जागी ठरेनात. मला वाटलं, ताप येतोय. बायको म्हणाली, “त्या गोळ्या बंद केल्यास ना?” हे सगळं विद्यार्थ्यांना शिकवणारा मी, आणि ओळखलं तिने! गोळीची ओढ अशी वाटत नव्हती. पण एक घेतली की हे थांबेल, हे लख्ख ठाऊक होतं. घेतली. मग दोन आठवडे थोडी थोडी कमी करत सोडली. कमी करत सोडायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कितीजणांना सांगितलं होतं?

आम्ही इतके निर्धास्त कशाच्या जोरावर होतो? १९८० साली अमेरिकेच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना ही औषधं मिळालेल्या ११,८८२ जणांमध्ये, पूर्वी व्यसन नसताना ते लागल्याच्या चारच नोंदी सापडल्या, एवढंच त्यात होतं. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. तरी २०१७ मध्ये मोजदाद झाली तेव्हा या पत्राचा हवाला ६०८ लेखांत निघाला, आणि त्यातल्या ७२ टक्के लेखांत ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून. पाच वाक्यं वाचायला मिनिटही लागत नाही. मी ती फार उशिरा वाचली.

१९९६ मध्ये परड्यू फार्मा या अमेरिकी औषध कंपनीने ऑक्सिकॉन्टिन या नावाने ऑक्सिकोडोनची गोळी बाजारात आणली. गोळीतून औषध शरीरात हळूहळू सुटतं म्हणून गैरवापर कमी होईल, असं सांगितलं जाई. गोळी चुरडली की सगळंच एकदम मिळे. व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याची कबुली कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात दिली.

मग उलटी तऱ्हा झाली. सीडीसी या अमेरिकी सरकारी संस्थेने २०१६ मध्ये जपून लिहा अशा सूचना काढल्या, तर वर्षानुवर्षं एकाच मात्रेवर नीट चाललेल्या लोकांच्या गोळ्या काही डॉक्टरांनी तडकाफडकी तोडल्या. असं करू नका, यातून आत्महत्याही होतात, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाला २०१९ मध्ये द्यावा लागला. मला दोन रात्री जड गेल्या होत्या.

जुन्या कंबरदुखीला, गुडघेदुखीला मी ही औषधं आता सहसा देत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतच २४० रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. साध्या वेदनाशामकांपेक्षा यांनी काही जास्त साधलं नाही. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात मात्र मी मॉर्फिनसाठी भांडतो. “बाबांना सवय लागेल” म्हणत मुलगा दारात अडून बसतो आणि आत बाबा उशी चावत असतात. तिथे मला राग आवरत नाही.

आता चिठ्ठीवर बंद करायची तारीख सुरुवातीलाच लिहितो, शेजारी या गोळ्यांनी होणाऱ्या बद्धकोष्ठतेचं औषध. आणि झोपेची गोळी किंवा दारू चालू आहे का, हे विचारतो. यांच्या जोडीने श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जाऊ शकतो. झोपेच्या गोळीचं उत्तर लगेच मिळतं. दारूचं उत्तर सोबत आलेल्या माणसाकडे बघत, खालच्या आवाजात येतं. म्हणून तेवढ्यापुरतं हल्ली मी सोबतच्याला बाहेर बसायला सांगतो.